चेहऱ्यावरचं पुरळ जाता जात नाहीये? मग आधी लावणं थांबवा

चेहऱ्यावर काहीतरी उठलंय, महिना झाला, दोन महिने झाले, जरा कमी होतं की परत येतं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. चार दिवसांचं घामोळं किंवा कॉलेजच्या वयातल्या दोन-चार पुटकुळ्या हा विषय नाही. मी डॉक्टर नाहीये, नवी मुंबईत कोपरखैरण्यात राहते, घरात आणि ओळखीत ही भानगड भरपूर जवळून पाहिलीय, आणि माझं मत असं झालंय की जुनं पुरळ औषध कमी पडलं म्हणून राहतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा चेहऱ्यावर नको ते लावत राहिल्यामुळे राहतं. प्रत्येकजण एक नवीन गोष्ट सुचवतो, आपण ती लावतो, आणि मूळ आजार कुठला होता तेच कोणाला कळेनासं होतं.

तर पहिलं काम. घरात चेहऱ्याच्या आसपास जे जे लागतं ते सगळं एका जागी काढा. ट्यूबा, फेसवॉश, बहिणीने दुबईहून आणलेलं सीरम, पार्लरवालीने बिनालेबलच्या डबीत भरून दिलेली नाईट क्रीम, शेव्हिंग फोम, केसांचं तेल, हेअर डाय, टिकल्यांचं पाकीट, कुंकवाची डबी, आणि हो, नेलपॉलिश. नेलपॉलिश कशाला असं वाटेल, पण आपण दिवसभर नकळत हात चेहऱ्याला लावत असतो आणि नेलपॉलिशची अ‍ॅलर्जी बऱ्याचदा बोटांना सोडून पापण्यांवर आणि मानेवर उठते. सगळ्यांचे पुढून मागून फोटो काढून ठेवा, डॉक्टरसमोर बसून "ते निळ्या झाकणाचं होतं ना" सांगण्यापेक्षा बरं.

आता ट्यूबवरचं बारीक अक्षर

ब्रँडचं नाव सोडा, खाली औषधाचं नाव असतं ते वाचा. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एकही दिसलं तर ते स्टिरॉइड. ढोबळ खूण म्हणजे शेवटी सोन, लोन किंवा टासोल. केटोकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, लुलिकोनाझोल यांच्यातला झोल वेगळा, ती बुरशीवरची औषधं. आणि आपल्याकडे मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबांमध्ये हे दोन्ही एकत्र असतं, वर एखादं अँटिबायोटिक पण घातलेलं असतं, म्हणजे खाज कशाची का असेना, घ्या हीच ट्यूब.

हे मलम लावलं की दोन-तीन दिवसांत चेहरा चकाचक होतो, त्यामुळे माणूस त्याच्या प्रेमातच पडतो. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं, सूज आणि खाज दाबतं, खालचा आजार कुठलाही असो वरून सगळं शांत. बंद केलं की परत येतं आणि आधीपेक्षा जास्त लाल, नुसती आग आग, मग परत तीच ट्यूब, असं करत करत वर्ष कसं जातं कळत पण नाही. तेवढ्यात त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर लव वाढते, पुटकुळ्या येतात, आणि खाली गजकर्ण असेल तर बुरशीला मोकळं रानच मिळतं, ती पसरते पण तिची ती गोल कडा दिसत नाही म्हणून डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. कपाळाची त्वचा हातावरच्या त्वचेपेक्षा सुमारे सहा पट जास्त औषध शोषते, पापण्यांची तर विचारूच नका, त्यामुळे पायावरच्या जुन्या एक्झिमासाठी दिलेली ट्यूब कपाटात सापडली म्हणून गालाला लावायची हा प्रकार पूर्ण बंद. डोळ्यांजवळ महिनोन्महिने लावलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदूही होऊ शकतो.

मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. आमच्या इथल्या एका मेडिकलमध्ये शेजारच्या काकूंनी नुसता गाल दाखवला आणि दोन मिनिटांत ट्यूब हातात आली, वर "आमच्या मिसेस पण हेच लावतात" हे सर्टिफिकेट. वांगासाठी मिळणारी मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनची तिहेरी क्रीम पण याच घरातली, ती डॉक्टरने ठराविक आठवड्यांसाठी दिली तर ठीक, पण लोक ती गोरं व्हायची क्रीम समजून वर्षानुवर्षं रोज रात्री लावतात. बिनालेबलच्या डब्यांबद्दल तर बोलायलाच नको, त्यात स्टिरॉइड असू शकतं, पारा सुद्धा असू शकतो आणि तो किडनीवर जातो. अशी क्रीम लावताय आणि पाय सुजताहेत किंवा लघवीला फेस येतोय असं असेल तर स्किनचं राहू दे बाजूला, आधी फिजिशियनकडे जा आणि डबी सोबत न्या.

समजा स्टिरॉइड सापडलं, मग? पाच-सहा दिवसच लावलं असेल तर बंद करून टाका, फार काही होत नाही. पण महिनोन्महिने लावलं असेल तर रागाने ट्यूब कचऱ्यात फेकण्याआधी स्किनच्या डॉक्टरला भेटा, कारण अचानक बंद केल्यावर चेहरा भडकतो, लाल होतो, सुजतो, जळजळतो, पुटकुळ्यांचं पीक येतं, आणि हे कोणाचं काही आठवडे तर कोणाचं काही महिने चालतं. डॉक्टर कधी हळूहळू हलक्या स्टिरॉइडवर आणतात, कधी टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमस देतात जे स्टिरॉइड नाहीत, पुटकुळ्या खूप असतील तर पोटातून डॉक्सीसायक्लिनसारखं अँटिबायोटिक (प्रेग्नंट असाल किंवा प्लॅन करत असाल तर हे आधी सांगायचं). टॅक्रोलिमस पहिले काही दिवस चांगलंच चरचरतं, त्याला घाबरून बरेच जण सोडून देतात, तर ते साधारण अपेक्षितच असतं, ओल्या तोंडावर न लावता चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावलं तर त्रास कमी होतो. आग होत असेल तेव्हा जुनं मऊ सुती कापड, धोतराचं किंवा साडीचं, गार पाण्यात बुडवून पिळून दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. बर्फ डायरेक्ट घासू नका.

या दिवसांत लोक चेहऱ्याकडे बघून काहीबाही विचारतात आणि तेवढ्यासाठी माणूस परत ट्यूबेकडे वळतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की महिनाभर हे असंच दिसणार आहे, कोणी काही आणून देऊ नका.

दोन-तीन आठवडे उपास

ट्यूबेत स्टिरॉइड नसेल तरीही हे करायचंच. चेहऱ्याला फक्त तीन गोष्टी: सौम्य क्लिन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बाकी सगळं आत. डॉक्टरने लिहून दिलेलं औषध चालू असेल तर ते अर्थात चालू ठेवा, मी आपल्या मनाने लावलेल्या गोष्टींबद्दल बोलतेय.

आपल्या त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो आणि साध्या आंघोळीच्या साबणाचा नऊ-दहा, म्हणून साबणाने तोंड ओढल्यासारखं होतं. सिंडेट नावाचा प्रकार मिळतो, दिसायला साबणच पण साबण नसतो, तो घ्या, दिवसातून दोनदा बास. मॉइश्चरायझर महाग नको, ज्यावर सुगंधाचा उल्लेख नाही असं कुठलंही साधं, आणि तोंड धुतल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच लावायचं. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं बघा, थोडं पांढरट दिसतं पण रागावलेल्या त्वचेला ते जास्त मानवतं.

आणि लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट, लसूण हे चेहऱ्यावर नाही म्हणजे नाही. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. हळद आणि कोरफड यांचीही काहींना अ‍ॅलर्जी असते, आजीच्या काळापासून लावतोय हे मान्य, पण आजीने ती धडधाकट चेहऱ्यावर लावली होती, सोललेल्या नाही.

उपास संपला की एकेक वस्तू परत आणायची, पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. क्लिन्झरसारखी धुवायची वस्तू आणि हेअर डाय असं लावून ठेवायचं नाही हं, हे क्रीम-लोशनसाठी. काही उठलं नाही तर चेहऱ्यावर, आणि एका वेळी एकच वस्तू, नाहीतर परत सगळा खिचडा.

पुरळ कुठे आहे ते बघा

जागेवरून बरंच कळतं. नाकाच्या कडेच्या घड्या, भुवया, कानामागे, आणि डोक्यात कोंडा पण, पिवळट तेलकट पापुद्रे, तर सेबोऱ्हिक डर्मटायटिसची शक्यता जास्त. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते, ती तेलावर जगते, म्हणून रात्री डोकं चपचपीत तेलाने भिजवून झोपणाऱ्यांचं कपाळ सकाळी आणखी बिघडतं. यावर केटोकोनाझोल 2 टक्केवाला शाम्पू डोक्याला लावताना त्याचा फेस भुवयांना आणि नाकाच्या कडेला पण लावून तीन ते पाच मिनिटांनी धुवायचा, डोळे मिटून, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. हा आजार कायमचा जात नाही, झोप कमी झाली किंवा टेन्शन आलं की परत डोकं वर काढतो, पण ताब्यात राहतो.

नाकाच्या घड्या सोडून फक्त दोन्ही गाल आणि नाकाचं हाड लाल, उन्हात गेल्यावर वाढतं, सोबत सांधे दुखतात, तोंडात फोड येतात, बारीक ताप असतो, केस गळतात, तर ल्युपस असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, यात क्रीमचं काम नाही, रक्ताच्या टेस्ट लागतात आणि लवकर लागतात. तसंच काही नाही पण गाल पटकन गरम होतात, चहा, मिसळ, ऊन, स्वयंपाकघरातली धग, कशानेही चेहरा पेटतो, तर रोझेशिया. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही म्हणून हा आपल्याकडे सर्रास सुटतो, नुसती "हीट झालीय" म्हणून सब्जाचं पाणी पाजत बसतात.

ओठांभोवती आणि हनुवटीवर बारीक बारीक दाणे पण ओठांलगतची पट्टी स्वच्छ, तर पेरिओरल डर्मटायटिस, यात तर स्टिरॉइड क्रीम हेच सगळ्यात मोठं कारण. कपाळाच्या मधोमध टिकलीच्या जागी किंवा भांगाच्या कडेला खाज आणि काळेपणा असेल तर कुंकू आणि टिकलीचा गोंद बघा, टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने तिथे पांढरा डाग पण पडतो. कानाची पाळी, केसांची कड, पापण्या सुजतात आणि त्याआधी एक-दोन दिवसांत डाय किंवा काळी मेंदी लावली होती, तर पीपीडी, हे रसायन दोन्हीत असतं, "आमची हर्बल आहे" असं सांगून विकतात त्यातही सापडतं.

गोल चट्टा, कडेला उठावदार आणि मधे जरा साफ, तर गजकर्ण. मग स्वतःची कंबर आणि जांघ बघा, नवऱ्याची, मुलांची पण बघा, लाजू नका. एकच टॉवेल सगळे वापरतात आणि एकाचीच ट्रीटमेंट होते म्हणून हे घरात फिरत राहतं. त्यात आता टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी भारतभर पसरलीय, त्यामुळे पूर्वीसारखं दोन आठवड्यांत मिटत नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या आणि मलम दोन्ही.

लहान मुलांच्या गालावर फिकट पांढरे खरबरीत चट्टे आले की पहिलं वाक्य "जंत झालेत" आणि दुसरं "कॅल्शियम कमी पडलंय". बहुतेक वेळा ते पिटिरियासिस अल्बा असतं, एक्झिमाचा सौम्य प्रकार, मॉइश्चरायझरने आणि वेळेने जातं. पण चट्ट्याला स्पर्श कमी कळत असेल, मोठ्यांत किंवा लहानांत, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत आणि वेळेत घेतले तर पूर्ण बरा होतो.

आपल्या इथल्या खास अडचणी

गाडीवर जाताना तोंडाला स्कार्फ गुंडाळून डोळे तेवढे उघडे ठेवायची पद्धत ठाणे-बेलापूर रोडवर सगळीकडे दिसते, धुळीसाठी ठीकच आहे, पण तोच स्कार्फ चार दिवस न धुता वापरला की घाम, पावडर, धूळ सगळं गालावर घासलं जातं. सुती घ्या, तीन-चार ठेवा, रोज बदला. हेल्मेटची पट्टी आणि आतलं पॅडिंग पण धुवायचं असतं, हनुवटीवर पट्टीच्या रेषेतच पुरळ असेल तर वेगळं काही शोधायची गरज नाही.

घोडबंदर रोडला किंवा जिथे टँकरचं, बोअरचं पाणी येतं तिथे पाणी जड असतं, साबण नीट निघत नाही आणि त्याचा थर त्वचेवर राहतो. तोंडापुरतं नळाचं किंवा फिल्टरचं तांब्याभर पाणी शेवटी मारलं तरी फरक पडतो. ऐरोलीच्या ऑफिसांत नऊ तास एसी आणि बाहेर पडल्याबरोबर ट्रान्स हार्बर लोकलच्या डब्यात घामाच्या धारा, यात त्वचा एकदा सुकते एकदा भिजते, तर ऑफिसात दुपारी थोडं मॉइश्चरायझर आणि उतरल्यावर साध्या पाण्याने तोंड धुणं, इतकंच. वेट वाइप्स नकोत, त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हची अ‍ॅलर्जी नवीन दुखणं होऊन बसते.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर फ्लॅटमध्ये कपडे वाळत नाहीत, कुबट वास येणारा टॉवेल तोंडाला लावायचा म्हणजे गजकर्णाला आमंत्रण. तोंडासाठी पंचा किंवा छोटा नॅपकिन प्रत्येकाचा वेगळा, पंख्याखाली वाळवून वर गरम इस्त्री, उशीचा अभ्रा पण तसाच.

डॉक्टरकडे कधी आणि कसं जायचं

पापण्या किंवा ओठ सुजले, श्वासाला त्रास, ताप, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर एकाच बाजूला दुखरे फोड (ही नागीण असू शकते आणि ती डोळ्यात उतरते), मधासारखी पिवळी खपली, किंवा कुठलं नवीन औषध सुरू केल्यावर अंगभर रॅश, यातलं काही असेल तर हा लेख इथेच सोडा आणि आजच जा.

बाकी वेळी दोन-तीन आठवडे उपास करूनही फरक नसेल तर जायचं. पाटीवर "स्किन अँड हेअर क्लिनिक" लिहिलंय यावर जाऊ नका, डिग्री बघा, एमडी डर्मेटॉलॉजी, डीएनबी, डीडीव्हीएल किंवा डीव्हीडी. लेझर आणि ग्लोचं पॅकेज आधी आणि तपासणी नंतर असं कोणी करायला लागलं तर उठून या. प्रायव्हेट परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, नेरुळला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम, अशा ठिकाणी स्किनची ओपीडी असते. सकाळी लवकर जा, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा.

जाताना मेकअप नको, ते वस्तूंचे फोटो न्या, आणि पुरळ भडकलेलं असतानाचे रोज एकाच खिडकीशी काढलेले फोटो न्या, कारण नेमकं अपॉइंटमेंटच्या दिवशी चेहरा शहाण्यासारखा वागतो. कुठली ट्यूब किती महिने लावली ते खरं सांगा, डॉक्टर ओरडतील म्हणून लपवलं तर निदान चुकतं. बुरशीची शंका असेल तर त्वचा जराशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती केओएच टेस्ट होते, अगदी साधी असते, पण त्याआधी बुरशीचं मलम चालू असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते, हे विचारून घ्या. अ‍ॅलर्जीची शंका असेल तर पॅच टेस्ट, पाठीवर पट्ट्या चिकटवून 48 तासांनी काढतात, परत 96 तासांच्या आसपास बघतात, तोपर्यंत पाठ भिजवायची नाही. एप्रिल-मेच्या घामात त्या पट्ट्या टिकत नाहीत, म्हणून शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा. रक्तातून शंभर वस्तूंची अ‍ॅलर्जी सांगणारी महागडी पॅनल या कामाची नाहीत, ती वेगळ्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीसाठी असतात.

घरी लग्न किंवा गणपती तोंडावर आलेत आणि चेहरा अजून नीट नाही, तर फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग पुढे ढकला. कुंकवाची अ‍ॅलर्जी ठरली असेल तर हळदीकुंकवाला कपाळाऐवजी हातावर हळद-कुंकू घ्या, किंवा वाण घेऊन नुसता नमस्कार करा, एखादी मावशी नाक मुरडेल, मुरडू दे. डाय लावायचाच असेल तर पीपीडी नसलेला शोधा आणि तोही आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा, लग्नाच्या आदल्या रात्री अजिबात नको.